सुटता सुटेना!

मागच्या आठवड्यात कॉलम नव्हता. कारण साधं होतं. मी भामरागडमध्ये एका झेनच्या बॉनेटखाली डोकं घालून बसलो होतो, आणि तिथं बसून लॅपटॉप उघडावा असं वातावरणही नव्हतं, वीजही नव्हती.

आधी भूगोल, कारण पुण्या-मुंबईच्या दोस्तांना भामरागड नकाशात शोधायला लागतं. गडचिरोली जिल्ह्याचा दक्षिण भाग. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा अशा तीन नद्यांचा संगम. पलीकडच्या काठावर छत्तीसगड. नागपूरहून चंद्रपूर, बल्लारपूर, आष्टी, आलापल्ली असं करत तीनशेच्या वर किलोमीटर, आणि त्यातले आलापल्लीनंतरचे साधारण पासष्ट म्हणजे नुसतं जंगल. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की रस्ता बंद. मग गाव आणि उरलेलं जग, दोघंही एकमेकांवाचून काही दिवस काढतात.

माझा मामा इथं गेली तीसेक वर्षं किराणा दुकान चालवतो. मूळचा चंद्रपूरचा. ‘दोन वर्षं बघू’ म्हणून आला आणि राहिला. २००३ मध्ये त्यानं पांढरी झेन घेतली. एमएच ३३. तेव्हा गावात चारचाकी म्हणजे सरकारी जीप, नाहीतर मामाची झेन. आता डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, मामीनं रात्रीचं ड्रायव्हिंग बंद केलंय, आणि दिवसाही मामा गाडी काढतो तेव्हा समोरून येणारी म्हैस उशिरा दिसते. म्हणून गाडी विकायची ठरली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक तरुण गुरुजी चाळीस हजारांना घ्यायला तयार झाले. अट एकच. बॉनेटच्या आतलं ते ‘फोमचं झंगट’ काढून द्या.

मामाचा फोन आला. ‘तू गाड्यांवर लिहून राहिला नं पेपरात? मंग ये, करून दाखव.’

आता बोला!

तर ते झंगट. २०१६ च्या उन्हाळ्यात शहरातल्या एका ॲक्सेसरीजवाल्यानं मामाला पटवलं, की बॉनेटच्या आतून चांदीच्या कागदाचा फोम चिकटवला की गाडी थंड राहते. मे महिन्यात या पट्ट्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे ‘थंड’ हा शब्द ऐकला की माणूस पाकीट काढतोच. मामानंही काढलं. खरं सांगायचं तर बॉनेटखालच्या अस्तराचा केबिनच्या गारव्याशी फारसा संबंध नसतो. ते इंजिनाचा आवाज थोडा दाबतं आणि इंजिनाच्या उष्णतेपासून बॉनेटचा रंग वाचवतं. केबिन तापते ती काचांमधून आणि टपातून. शिवाय कंपनी जेव्हा असं अस्तर देते तेव्हा ते प्लॅस्टिकच्या क्लिपांवर अडकवलेलं असतं. क्लिप दाबा, अस्तर हातात. या महाशयांनी मात्र ते सनमायका चिकटवायच्या पिवळ्या, मधासारख्या रबरी गोंदानं थापलं होतं. काठापासून काठापर्यंत.

आठ-नऊ उन्हाळे आणि तितकेच पावसाळे गेले. साधा स्पंजासारखा फोम उष्णता आणि दमट हवेत हळूहळू कुजतो. आधी चिकट होतो, मग भुसा. चांदीचा कागद उंदरांनी पळवला. (एका कोपऱ्यात चक्क घरटं होतं, त्यात शेंगदाण्याची टरफलं. दुकान मामाचंच!) फोम पाणी धरून ठेवतो, त्यामुळे खाली गंजाची भीती. आणि सुटा झालेला तुकडा एक्झॉस्टवर पडला तर धूर, किंवा त्याहून वाईट काही. गुरुजींची अट अगदी रास्त होती.

आलापल्लीच्या एका गॅरेजवाल्यानं उपाय सांगितला होता : ग्राइंडर मारू, पत्रा उघडा करू, नवा रंग देऊ. मामा नको म्हणाला. का नको ते त्यानं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मला वाटलं, पैशांचं असेल.

मी पुण्याहून निघालो तो सगळा जामानिमा घेऊन. ऑनलाइन मागवलेली दोन हजार वॅटची हीटगन, स्टीलच्या पट्ट्या, हातमोजे, चष्मा, आणि वाटेत चंद्रपूरला घेतलेला एक लिटर थिनर. व्हिडीओ सात-आठ पाहून झाले होते. टेक्निक क्लिअर, कॉन्फिडन्स फुल. दुपारी दोनला अंगणात बॉनेट उघडलं, एक्स्टेन्शन ओढलं आणि हीटगन लावली. चार मिनिटं मस्त चालली. मग व्होल्टेज बसलं, मग वीजच गेली. पाच वाजले तरी पत्ता नाही.

म्हणून थिनर.

इथे नीट ऐका, कारण इथेच माती खाल्ली. फोमचा एक तळहाताएवढा तुकडा नखांनी सुटा झाला होता, खाली पिवळट-काळ्या गोंदाचा थर होता. मी कापड थिनरमध्ये बुडवलं आणि घासायला लागलो. गोंद झपाट्यानं वितळला. काय खूश झालो मी! आणखी घासलं, एका फुटापर्यंत गेलो. कापड उलटवून बघतो तर लाल.

वाटलं, गंज आला. नाहीतर प्रायमर असेल. पण गाडी पांढरी, आणि हा लाल म्हणजे कुंकवासारखा लाल. तेवढ्यात मामा चहा घेऊन आला.

‘काय पुसून राहिला रे?’

मी कापड दाखवलं. त्यानं कप खाली ठेवला, चष्मा वर केला आणि बॉनेटखाली वाकला. मी पुसलेल्या जागेच्या काठावर, गोंदातून अर्धवट वर आलेला एक आकडा दिसत होता. लाल ऑइलपेंटमधला, ब्रशनं काढलेला, नीटस. मामाच्या दुकानाच्या पाटीवर असतात तसा.

बॉनेटच्या आतल्या बाजूला मामानं गाडीची वही ठेवली होती! २००३ पासून दर वेळी ऑइल बदललं की तारीख, किलोमीटर आणि जागा उरली तर दोन शब्द. २०१६ मध्ये त्या दुकानदाराच्या पोऱ्यानं न बघता त्यावर गोंद फासला. मामा तेव्हा बाजूच्या हॉटेलात जेवत होता. परत आला तेव्हा बॉनेट बंद होतं, आणि काम ‘झालेलं’ होतं.

‘सांगायचं नं मामा तुम्ही!’

‘मले वाटलं तुले माहीत आहे. लहानपणी तूच तर वाचत होता मोठ्यानं.’

वाचत असेन. मला आठवत नव्हतं.

‘इथं कोणत्या वर्षाचं होतं?’ मी विचारलं.

तो थोडा वेळ बघत राहिला. ‘अकरा, बारा. त्याच साली तुह्या आजीले नागपूरले नेलं होतं.’

बस, एवढंच. चहा पी म्हणाला आणि दुकानात गेला. आजी त्या वेळी नागपूरहून परत आली नाही, हे मला माहीत होतं. ते बॉनेटखाली लिहिलेलं होतं, हे माहीत नव्हतं.

त्या रात्री मी अंगणात खाटेवर पडून शास्त्र आठवत होतो, जे खरं तर पुण्यातच आठवायला हवं होतं. कंपनीचा मूळ रंग भट्टीत, साधारण १४० अंशांना भाजलेला असतो. तो थिनर थोडा वेळ सहन करतो, फार तर चमक जाते. पण नंतर हातानं दिलेला ऑइलपेंट, किंवा गॅरेजमध्ये मारलेला नवा रंग, थिनरसमोर टिकत नाही. म्हणून कुठलंही रसायन आधी कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी, पांढऱ्या कापडावर थेंबभर घेऊन लावायचं. अर्धा मिनिट थांबायचं. कापडावर रंग आला तर बाटली बंद. एवढी एक टेस्ट मी केली असती तर... असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामानं माझ्यासमोर तंगूसाचं रीळ ठेवलं. मासेमारीची नायलॉनची दोरी. तीन नद्यांचं गाव आहे, किराणा दुकानात गळ आणि तंगूस असणारच. ‘साबण कापतो नं आपण दोऱ्यानं? तसं.’

आता ही आयडिया व्हिडीओतल्या गोऱ्या माणसांचीही असते. ते गिटारची तार घेतात. पण मला ती मामाकडून समजली हे मी इथं छापून देतो.

आणि गरम करायचं कशानं? अहो, गाडीलाच इंजिन आहे की! दुपारी बाराला झेन भर उन्हात उभी केली. बॉनेट बंद ठेवून इंजिन पंधरा मिनिटं नुसतं चालू ठेवलं. वरून सूर्य, खालून इंजिन, मधे गोंद. मग इंजिन बंद, चावी खिशात, बॉनेट वर. पत्र्याला तळहात लावला तर दोन-तीन सेकंदांत उचलावा लागत होता. बरोबर एवढंच तापमान हवं. हात अजिबात ठेवता येत नसेल तर थांबा, रंगाला धोका असतो. हीटगनची भानगड हीच : तिच्या तोंडाशी कित्येक शे अंश असतात, एका जागी दहा सेकंद रेंगाळलात की रंगाला फुगे. हेअर ड्रायर त्यामानानं सभ्य. आणि झेनचं इंजिन सगळ्यांत सभ्य, कारण ते एका जागी रेंगाळत नाही.

तंगूसाची दोन टोकं दोन काड्यांना गुंडाळली, एक मामाकडे, एक माझ्याकडे. फोम आणि पत्रा यांच्या फटीत दोरी घातली आणि करवतीसारखी पुढे-मागे. घाई नाही, पत्र्याला समांतर. फोम पोळीसारखा सुटत आला. गार झाला की थांबायचं, पुन्हा इंजिन. तीन फेऱ्या झाल्या. दोरी चार वेळा तुटली. मामा म्हणाला, मोठा मासा आहे.

महत्त्वाचं म्हणजे ओढायचं नाही. कोपरा धरून खस्सकन ओढलात की गोंद आपल्याबरोबर रंग घेऊन येतो. आमच्या बाबतीत अक्षरंही आली असती. दोरी थरातून कापत जाते, गोंदाचा पातळ पापुद्रा पत्र्यावरच राहतो. तो तसाच राहू द्यायचा. त्याचं काम वेगळं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर बॉनेट काढलं. बिजागऱ्यांभोवती आधी मार्करनं रेघ मारून घ्या, नाहीतर परत बसवताना फटी वाकड्या येतात आणि मग आयुष्यभर तेच दिसतं. दोन माणसं लागतात. खाटेवर गोणपाट टाकून बॉनेट उलटं ठेवलं. गाडीवरच हे काम केलं तर तेल आणि गोंदाचे गोळे सरळ बेल्टवर पडतात.

आता तेल. मामीनं बाटली आणली. टोळीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं. दुकानात येणाऱ्या एका माडिया आजीकडून तिनं घेतलेलं. ‘जोहार’ म्हणत यायची, मीठ-मिरची न्यायची, तेल ठेवून जायची. थंडीत हे तेल तुपासारखं थिजतं, पण मे महिन्यात पाण्यासारखं. रबरी गोंदाला तेल हळूहळू आतून फुगवतं, त्याची पकड सैल करतं, आणि सुकलेल्या ऑइलपेंटला काही करत नाही. कोपऱ्यात टेस्ट केली. या वेळी केली! पांढरं कापड पांढरंच राहिलं. तुमच्याकडे टोळीचं तेल नसणार. खोबरेल चालतं, स्वयंपाकाचं गोडेतेलही चालतं. पेट्रोल मात्र नको. बॉनेटखाली पेट्रोलची वाफ, जवळ बॅटरी, आणि हातात मोबाइल... तुम्ही समजूतदार आहात.

तेलाचा जाड हात दिला, वर दुकानातल्या पॉलिथिनचा कागद अंथरला आणि रात्रभर तसंच ठेवलं. सगळे म्हणतात वीस मिनिटं. तुमचा गोंद ताजा असेल तर वीस मिनिटं. आमचा आठ-नऊ वर्षांचा होता.

(फोमला मागून स्टिकरसारखा गोंद असतो, तसला प्रकार तुमच्याकडे असेल तर गोष्ट वेगळी. तो बहुधा ॲक्रिलिक, त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, आणि तेही आधी टेस्ट करून. आणि दरवाज्यांत, फ्लोअरवर डांबरासारखे काळे मॅट असतील तर ते गरम केल्यावर चिंगमसारखे लोंबतात. त्यांना उलट थंड करतात. परदेशात त्यावर ड्राय आइस ठेवतात, उणे ७८ अंशांचा. मॅट कडक होतो आणि हलक्या हातोडीनं चकल्यांसारखा तुटतो. भामरागडात ड्राय आइस मिळतो का, हे विचारायचीही मला लाज वाटली.)

सकाळी सहाला अंगठ्यानं घासायला बसलो. गोंद रबरासारखा गोळ्या होऊन यायला लागला. जिथे येत नव्हता तिथे जिमचं मेंबरशिप कार्ड वापरलं. त्या कार्डाचा हा पहिला उपयोग. स्टीलच्या पट्ट्या बॅगेतून बाहेर काढल्याच नाहीत. मामी चहा ठेवून गेली, मामानं दुकान उघडलं, दोनदा बंद केलं, शेवटी स्टूल घेऊन शेजारीच बसला.

आणि ओळी वर यायला लागल्या.

पहिल्या काही सगळ्या सारख्या. तारीख, आकडा, ‘ऑइल’. मग २००६ पासून मामा मोकळा झालेला दिसतो. ‘ऑइल. पुलावर पाणी, ३ दिवस.’ ‘ऑइल + प्लग. आलापल्ली.’ एका ठिकाणी नुसतंच ‘रात्री २. बाळंतीण. हेमलकसा.’ पुढे किलोमीटरसुद्धा नाही.

हेमलकसा इथून जेमतेम तीन किलोमीटर. बाबा आमट्यांनी १९७३ च्या डिसेंबरमध्ये सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना तिथं आहे, प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांनी उभा केलेला. त्या दोघांना २००८ मध्ये मॅगसेसे मिळालं तेव्हा आपण शहरातल्यांनी ते नाव नव्यानं पाठ केलं. भामरागडात मात्र तीन किलोमीटर हे अंतर दिवसा काहीच नसतं आणि रात्री दोनला, पावसात, कळा देणारी बाई घेऊन फार असतं. मी विचारलं, कोण होती? मामा म्हणाला, ‘ते पोरगं आता बारावी झालं. उधारी ठेवते दुकानात.’

एकूण बावीस ओळी असाव्यात असं मामाचं म्हणणं. सतरा वाचता आल्या. पाच माझ्या थिनरनं नेल्या. त्या जागी मधोमध एक निस्तेज, धुरकट पट्टा, नीट बघितलं तर लालसर. मी पॉलिशिंग कंपाउंड काढलं आणि मग परत ठेवलं. कंपाउंडनं चमक आली असती, पण ती घासूनच येते, आणि शेजारच्या ओळींचे शेंडे गेले असते. आठवणीतून पुन्हा लिहू का, असं मामाला विचारलं. आकडे कुठं आठवतात, म्हणाला.

राहिलेलं काम पटकन सांगतो. कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणानं तेल धुतलं, दोनदा, कारण तेलकट पत्र्यावर नंतर काहीच धरत नाही. दोन ठिकाणी, जिथे फोमनं पाणी धरलं होतं, नाण्याएवढा गंज होता. तेवढाच भाग चारशे नंबरच्या पॉलिश पेपरनं घासला, रेड ऑक्साइड प्रायमर लावला, वाळल्यावर पांढरा टचअप. बाकीच्या जागेवर साधं मेण. मार्करच्या रेघा बघून बॉनेट परत बसवलं. फटी सरळ आल्या. नवीन फोम लावला नाही, आणि तुम्हीही लावू नका. फारच हौस असेल तर क्लिपवालं अस्तर घ्या.

संध्याकाळी गुरुजी आले. बॉनेट उघडलं, खूश झाले. मग त्यांना लाल अक्षरं दिसली. वाकून सगळ्या ओळी वाचल्या, मोठ्यानं, शाळेत वाचतात तशा. ‘रात्री २’ पाशी थांबले नाहीत.

‘हे राहणार का असंच? की कापड मारू?’

मी मामाकडे बघितलं.

‘गाडी तुमची झाली गुरुजी,’ मामा म्हणाला. ‘तुमचं तुम्ही पाहा.’

गुरुजींनी मग तो निस्तेज पट्टा दाखवला. इथं रंग उडाला वाटतं, म्हणाले. मामानं दोन हजार कमी केले. घासाघीस न करता! जो माणूस साबणाच्या वडीवर आठ आणे सोडत नसे, तो. मी ते दोन हजार माझ्या खिशातून देऊ केले. ते मात्र त्यानं लगेच घेतले.

निघताना गुरुजींनी विचारलं, ऑइल किती किलोमीटरला बदलता? ‘पाच हजार,’ मामा म्हणाला आणि आत गेला. येताना हातात एक छोटा डबा होता आणि एक बारीक ब्रश. डबा उघडला तर आतला लाल रंग वाळून दगड झालेला. ब्रशचे केसही तसेच.

‘राहू द्या,’ गुरुजी म्हणाले, ‘आलापल्लीला जाणंच आहे, नवा आणतो.’

मामानं त्यांना रंगाचा नंबर सांगितला. दोनदा.

ता. क. : हीटगन विकणे आहे. दोन हजार वॅट, बॉक्ससकट. एकदाच वापरली आहे, तीही चार मिनिटं.